आई खंडनाला खुडणी म्हणते

गेल्या आठवड्यात वाङ्मय मंडळाच्या फळ्यावर यंदाच्या वादविवादाचा विषय लागला. ‘शहरात खासगी वाहनांवर मर्यादा असावी.’ खाली गोसावी सरांची सही आणि सहीखाली त्यांच्या तिरक्या अक्षरात, ‘इच्छुकांनी कोमलताईंना भेटावे.’ कोमलताई म्हणजे मी. तिसऱ्या वर्षाला आलं की माणूस आपोआप ताई होतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. पहिल्या वर्षाच्या चार मुली मला शोधत कँटीनपर्यंत आल्या. त्यातल्या एकीनं वही उघडली, पानाच्या मधोमध तारीख घातली आणि विचारलं, "ताई, खंडन कसं करायचं?"

मला उत्तर यायला हवं होतं. उत्कृष्ट खंडनाचं प्रमाणपत्र माझ्या नावावर आहे, सरांनी मला त्यासाठीच नेमलं असणार. पण मी चहाचा कप उचलला आणि म्हटलं, "सोमवारी सांगते." मुलीनं तेसुद्धा वहीत लिहून घेतलं असावं, कारण तिचं पेन हललं.

गणपती उठले की आमच्याकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात. दसऱ्याच्या झेंडूला कळी धरते आणि कॉलेजांमधल्या वादविवाद स्पर्धांची पत्रकं यायला लागतात. दिंडोरी रस्त्याच्या आत आमचं गाव आहे. बसथांब्यापासून घरापर्यंत चालत येताना दोन्ही बाजूंना झेंडूचे वाफे लागतात, आणि त्यांचा तो कडवट, औषधासारखा वास कपड्यांत शिरतो. कॉलेजात कुणी तरी कधी तरी विचारतं, हा कसला वास? मी पहिल्या वर्षी ओढणी झटकायचे. आता नुसतं म्हणते, झेंडूचा. पण विषय लागला आणि हा वास आला की दोन वर्षांपूर्वीचा तो महिना पुन्हा समोर येतो. त्याला मी काहीही करू शकत नाही.

तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. फॉर्म कसा भरायचा, प्राध्यापकांना सर म्हणायचं की गुरुजी, ग्रंथालयात चप्पल काढायची का, हे सगळं मी दुसऱ्यांकडे बघून शिकले. वाङ्मय मंडळात नाव दिलं तेही वाङ्मय म्हणजे नक्की काय असेल या कुतूहलानं. गोसावी सरांनी एक उतारा मोठ्यानं वाचायला लावला आणि म्हणाले, "आवाज आहे. भीतीही आहे. दोन्ही लागतात."

आमच्या स्पर्धांची पद्धत बाहेरच्या माणसाला जरा विचित्र वाटते. एका कॉलेजचे दोघे जातात, त्यातला एक ठरावाच्या अनुकूल बोलतो आणि दुसरा प्रतिकूल. दोघांचे गुण एकत्र करून करंडक ठरतो. म्हणजे जिच्याबरोबर डबा खायचा, जिचे मुद्दे आपण सुधारायचे, तिनेच मांडलेलं आपण तिच्यानंतर उभं राहून खोडायचं, आणि दोघींनी मिळून जिंकायचं. माझी जोडी ऋतुजाशी लागली. ती नाशिक रोडच्या सरकारी वसाहतीत वाढलेली, तिचे वडील नोकरीला, आई शिक्षिका. ती बोलताना हात हलवायची नाही. मला त्याचं फार अप्रूप होतं, कारण मी ‘नमस्कार’ म्हणतानाही शेतातली पाखरं उडवल्यासारखे हात करायचे.

त्या वर्षीचा विषय होता, ‘कृत्रिम फुलांवर बंदी असावी.’

फळ्यावर तो वाचला तेव्हा मला वाटलं, हा कुणी तरी माझ्यासाठीच निवडलाय. आमच्या घरात दुसरा विषय असतोच कुठे? पंचवटीतल्या फुलबाजारात आई पंधरा वर्षं झेंडू, शेवंती घेऊन बसतेय. समोरच्या रांगेत प्लास्टिकच्या तोरणांची दुकानं एकेक करून कशी वाढली ते तिनं मला बोटावर मोजून दाखवलं होतं. मी आनंदानं सरांच्या खोलीत गेले. सरांनी कंपासपेटीतून दोन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर टाकल्या. ऋतुजानं एक उचलली, उरलेली मी. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘प्रतिकूल’.

ऋतुजा लगेच म्हणाली, "सर, आम्ही बदलून घेऊ का? हिच्या घरी फुलांची शेती आहे."

"मग तर अजिबात नाही," सर म्हणाले. "स्वतःच्या बाजूनं कुणीही बोलतं. त्याला सराव कशाला लागतो?"

मी चिठ्ठी वहीत ठेवली. तेव्हा मला वाटत होतं की सर सांगतात ते सगळं अभ्यासक्रमातच असतं.

घरी गेले तेव्हा आई ओसरीवर बसून सुतळी सोडवत होती. तिनं विचारलं, "मग? कशावर बोलायचंय?" मी म्हटलं, "खोट्या फुलांवर बंदी आणावी का, यावर." तिनं सुतळी खाली ठेवली. "आणावी का म्हंजी? आणावीच! त्यात बोलायचं काय हे?" आणि हसली. आई हसते तेव्हा आधी डोळे बारीक करते, उन्हात लांबचं कुणी ओळखायचा प्रयत्न करावा तसे. बाजारात आईच्या शेजारी शोभाकाकू बसतात. दुसऱ्या दिवशी आई तिथून आली ती सांगतच, "शोभाला सांगितलं मी. आमची कोमी फुलांवर बोलणार हे, मोठ्या कालेजात. म्हणली, आम्ही बी येऊ ऐकायला."

मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. या दोन्हींच्या मधे मी जवळजवळ महिनाभर राहिले. रोज सकाळी वाटायचं आज सांगू. आई वाफ्यात वाकलेली असायची, तिच्या कमरेला ओटी बांधलेली, ओटीत पिवळी फुलं. मी तिच्या शेजारच्या सरीत उभी राहायचे, दोन फुलं खुडायचे, आणि काही तरी वेगळंच विचारायचे. बस किती वाजता आहे, डब्याला काय दिलंय.

खुडणीचा तो शब्द त्याच दिवसांतला. मी म्हटलं होतं, "आई, आज खंडनाचा सराव आहे, यायला उशीर होईल."

"कसली खुडणी?"

"खुडणी नाही गं, खंडन."

"कालेजात बी खुडणीच करायची व्हती तर घरची काय वाईट व्हती?"

मी तिला समजावून सांगितलं. समोरचा एक मुद्दा मांडतो, आपण तो कसा चुकीचा आहे हे दाखवायचं. त्याला बोलायला जागा ठेवायची नाही. आई ऐकत होती, हात चालूच. मग म्हणाली, "म्हंजी त्याचा शेंडा मोडायचा."

"हो. तसंच."

"मग खुडणीच झाली की." पुढच्या झाडाकडे सरकता सरकता ती म्हणाली, "पण शेंडा खुडल्यानं झाड मरत नाय बरं का. उलट फुटवे येतात त्याला चार."

हे तर मलाही माहीत होतं. झेंडू लावल्यावर महिन्याभरात आम्ही सगळ्या झाडांचे शेंडे खुडतो. ते केलं नाही तर झाड एकटंच उंच जातं आणि एका फुलावर भागवतं. पण तेव्हा मी ते शेतीचं बोलणं म्हणून ऐकलं. माझ्या पिशवीत मुद्दे होते, मला बस गाठायची होती.

मुद्दे मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. आमच्याकडे पत्रिका कधी टाकत नाहीत, ट्रंकेत एक गठ्ठाच होता. जाड कागद, हातात घेतला की वाकत नाही. एका बाजूला सोनेरी गणपती आणि कुणाकुणाचे चिरंजीव, दुसऱ्या बाजूला माझं निळं अक्षर, ‘बंदी हा उपाय नव्हे’. सर रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे आणि वेळ संपली की पेनानं स्टीलच्या पेल्यावर टण् करून वाजवायचे. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती, की घरी कुणी चमचा भांड्याला लावला तरी मी वाक्य अर्धवट सोडायचे.

आणि एक गोष्ट मला त्या वर्गात कळली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मला प्रतिकूल जमत होतं. म्हणजे नुसतं जमत नव्हतं, चांगलं येत होतं. पहिल्या दिवशी मी जीभ ओढून ओढून बोलले. आठव्या दिवशी मला वाक्यं आपोआप सुचायला लागली. ज्याला रोज ताजी फुलं परवडत नाहीत त्यानं दारावर काय लावायचं? बंदी आली तर कागदी-प्लास्टिकच्या माळा ओवून घर चालवणाऱ्या बायकांनी कुठं जायचं? मी त्या बायकांची बाजू घ्यायचे आणि मला खरंच त्यांची दया यायची. मग बसमधून उतरून घरी येताना झेंडूचा वास यायचा, आणि वाटायचं, आपण नक्की कुणाच्या आहोत? माणूस आतून इतक्या लवकर बाजू बदलू शकतो, याची मला भीती वाटली होती. आजही वाटते.

एका रविवारी ऋतुजा आमच्याकडे आली. तिला अनुकूल बाजूसाठी शेत बघायचं होतं. आईनं तिच्यासाठी पोहे केले, त्यावर शेतातलीच कोथिंबीर इतकी घातली की पोहे शोधावे लागले. ऋतुजा वही घेऊन वाफ्यातून हिंडली. तिनं विचारलं, "काकू, हात असे काळे कशानं होतात?"

"खुडून खुडून. झेंडूचा चीक हे तो. लिंबू घासलं तरी जात नाय." आईनं दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. बोटांची टोकं काळपट हिरवी झालेली. ऋतुजानं ते लिहून घेतलं. मी शेजारी उभी होते. अठरा वर्षं ते हात बघत होते, आणि मला कधी त्यात मुद्दा दिसला नव्हता.

परत निघताना ऋतुजाचं लक्ष आमच्या भिंतीकडे गेलं. तिथे आण्णांचा, माझ्या वडिलांचा फोटो आहे. मी नववीत असताना ते काविळीनं गेले, तेव्हापासून शेत काका आणि आई बघतात. आमच्या गावात झेंडू आधी त्यांनी लावला, असं लोक सांगतात. फोटोला प्लास्टिकचा हार होता. पांढरी फुलं, मधे मधे लाल, खाली चंदेरी गोंडा. ऋतुजानं तो बघितला आणि पटकन नजर दुसरीकडे नेली. पण आईनं तिची नजर पकडली होती.

"ताजा हार दुपारपर्यंत मान टाकतो गं," ती म्हणाली. "मी बाजारातून येते तवर सुकलेला. तसं बघवत नाय मला. हा बरा. दर सोमवारी धुते मी, निरमा लावून."

ऋतुजा "हो काकू" म्हणाली. वही तिनं आधीच पिशवीत टाकली होती.

स्पर्धा कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या कॉलेजात होती. दसऱ्याला थोडेच दिवस राहिले होते. आई येणार नाही असं मी धरून चालले होते, कारण त्या दिवसांत बाजार सोडून कुणी हलत नाही. पण मी विंगेतून डोकावले तर शेवटच्या रांगेत आई आणि शोभाकाकू. दोघी बाजार उरकून तशाच आलेल्या, रिकाम्या पाट्या खुर्चीखाली सरकवलेल्या. आईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला होता. सभागृहातल्या गारव्यामुळे असेल. किंवा नसेल.

आधी ऋतुजा बोलली. हात न हलवता, सावकाश. तिनं आमचं शेत सांगितलं, सकाळचं दव सांगितलं, मग म्हणाली, "मी एका माउलीचे हात पाहिले. झेंडू खुडून त्यांची बोटं काळी झाली आहेत, आणि लिंबानंही तो डाग जात नाही. आपण दाराला प्लास्टिक लावतो, तेव्हा या हातांना नाही म्हणतो." टाळ्या पडल्या. परीक्षकांतल्या एक बाई मान हलवत लिहीत होत्या. मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. आईनं हात पदराखाली घेतले होते.

मला वाटतं मी जे केलं ते त्या क्षणी ठरलं. मला राग आला होता. ऋतुजाचा नाही, ती चांगलं बोलली होती, आणि ते माझ्याच परवानगीनं. राग याचा की ते हात माझे होते. माझ्या घरातले. तिला एका रविवारी ते मिळाले आणि त्यावर टाळ्या पडल्या. आणि मी मात्र पत्रिकांच्या मागे दुसऱ्यांची दुःखं लिहून आणली होती.

माझं भाषण नीट झालं. पाठ केलेलं होतं, त्यामुळे नीट झालं. मग खंडनाची दोन मिनिटं आली. माझ्या हातातल्या पत्रिकेवर तीन मुद्दे होते, मी एकही वाचला नाही. मी म्हटलं, "माझ्या मैत्रिणीनं ज्या माउलीचे हात पाहिले, त्या माउलीच्या घरची भिंत मी पाहिली आहे. त्या घरात झेंडू पिकतो. त्या घरात शेवंती पिकते. आणि त्या घरातल्या कर्त्या माणसाच्या फोटोला हार आहे तो प्लास्टिकचा. ज्यांच्या दारात फुलं आहेत त्यांनाही जर रोजचं ताजं फूल जमत नसेल, तर बंदी आपण कुणावर घालणार आहोत?"

टाळ्या आल्या. ऋतुजाच्या वेळेपेक्षा जास्त. घंटा वाजली ती मला ऐकूच आली नाही. मी जागेवर येऊन बसले तेव्हा शेवटच्या रांगेत आईसुद्धा टाळ्या वाजवत होती. सगळे थांबल्यावरही ती दोन टाळ्या जास्तीच्या वाजवत होती.

करंडक आम्हाला मिळाला नाही. ‘उत्कृष्ट खंडन’ मला मिळालं. पायऱ्यांवर ऋतुजानं माझं अभिनंदन केलं. मग चपलेचा बंद लावत, वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी मीपण बघितलं होतं ते. पण लिहिलं नव्हतं, कोमल."

मी प्रमाणपत्र दुसऱ्या हातात घेतलं.

बसथांब्यावर शोभाकाकूंनी सुरुवात केलीच. "काय गं कोमे, आम्ही म्हणलं आपली वकीलीण हे ही. तू तर पार तिकडच्या पार्टीत!"

"तिच्या वाट्याला बाजूच ती आली," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"महिनाभर कोथिंबिरीच्या वाफ्यात उभी ऱ्हाऊन बोलत व्हतीस. बंदी हा उपाय नव्हं, बंदी हा उपाय नव्हं. मला काय ऐकू येत नाय? काकाला बी पाठ झालं तुझं. परवा पंप सुरू करताना तेच म्हणत व्हता." मग ती म्हणाली, "घसा नाय ना बसला? चांगली बोललीस."

म्हणजे जे मी लपवत होते ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी ती आली होती. मी तिच्या विरुद्ध बाजूनं बोलणार हे जाणूनच, ऐन दिवसांत बाजार लवकर आवरून. तिला फक्त एकच गोष्ट माहीत नव्हती, आणि ती मलाही माहीत नव्हती. बसमध्ये तिला खिडकी मिळाली. पूर्ण रस्ताभर ती बाहेर बघत होती. प्रमाणपत्र माझ्या मांडीवर होतं, गुंडाळी करून वर लाल रिबीन. एकदा तिनं ती रिबीन बोटानं चाचपली आणि म्हणाली, "साटीनची हे."

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा आण्णांच्या फोटोला ताजा हार होता. शेवंतीचा, मधे झेंडू. दोऱ्याचं टोक अजून ओलं.

तेव्हापासून रोज असतो. आई बाजाराला निघायच्या आधी तो ओवते. दसरा असो, कुणाचं लग्न असो, तिला ताप असो. मी एकदा म्हटलं, "दे, मी ओवते," तर सुई तिनं दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "तुझा अभ्यास बघ." दुपारी मी घरी असले की तो हार मान टाकताना दिसतो. तिला ते बघवत नाही हे तिनंच सांगितलं होतं. ती बाजारातून येते, पाय धुते, फोटोकडे बघते आणि आत जाते.

मी माफी मागायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोन-तीनदा केला. एकदा भाकरी थापत असताना म्हटलं, "आई, मी ते हाराचं बोलायला नको होतं." ती म्हणाली, "त्यात खोटं काय व्हतं?" आणि परातीत पीठ ओढलं. खोटं काहीच नव्हतं, तिथेच माझं बोलणं संपलं. खोटं असतं तर मागे घेता आलं असतं. सरांनी आम्हाला समोरच्याचा खोटेपणा कसा पकडायचा हे शिकवलं होतं. खऱ्याचं काय करायचं, ते कुठल्या पत्रिकेच्या मागे लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवाळीच्या आसपास काकांनी माझं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत बसवून आणलं. मी कॉलेजातून आले तेव्हा ते समोरच्या भिंतीवर लागलेलं होतं, आण्णांच्या बरोबर समोर. सोनेरी अक्षरात ‘उत्कृष्ट खंडन’, खाली माझं नाव, आडनावात एक वेलांटी चुकलेली. आणि चौकटीला हार होता. पांढरी फुलं, मधे मधे लाल, खाली चंदेरी गोंडा.

मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिले. आत आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती, हसत होती.

दोन वर्षं झाली, मी त्याचा अर्थ लावतेय. कधी वाटतं, तिनं मला उत्तर दिलं. एक शब्द न बोलता, घंटा न वाजवता. कधी वाटतं, छे, तिच्या मनात तसलं काही येणारच नाही. चांगला हार रिकामा पडलेला होता, लेकीचं कौतुक भिंतीवर लागलं, तिनं त्याला घातला. तिला ते शोभून दिसलं असेल. पाहुणे आले की ती कौतुकानं दाखवते, "आमच्या कोमलचं हे. खुडणीत पहिली आली." पाहुणे बुचकळ्यात पडतात. मी दुरुस्त करत नाही. कधी कधी तिच्या आवाजात मला काही तरी ऐकू येतं, आणि कधी कधी त्याच वाक्यात काहीच ऐकू येत नाही. दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं बोलता येईल इतके मुद्दे माझ्याकडे आहेत. निकाल तेवढा लागत नाही.

विचारावं, तर काय विचारणार? हे तू मुद्दाम केलंस का? ती म्हणेल, काय? आणि डोळे बारीक करेल.

काल सोमवार होता. सकाळी मला त्या मुलींसाठी चिठ्ठ्या करायच्या होत्या. वहीचं पान फाडून मी चार तुकडे केले, दोनवर अनुकूल लिहिलं, दोनवर प्रतिकूल, आणि घड्या घालत बसले. आधी वाटलं, चारही कोऱ्या ठेवाव्यात, ज्याची त्यानं बाजू निवडावी. मग वाटलं, मला निवडायला मिळालं असतं तर काय वेगळं झालं असतं? बाजू मला चिठ्ठीनं दिली होती. हार मी स्वतः काढून दिला होता.

बाहेर नळाखाली आई तो हार धूत होती. बादलीत निरम्याचा फेस, त्यात एकेक पाकळी अंगठ्यानं चोळून, भांड्याचा काठ घासावा तशी. अंगठा काळपट हिरवा, पाकळी पांढरीशुभ्र. मग तिनं तो झटकला, कपड्यांच्या दोरीवर माझ्या ओढणीशेजारी टाकला. वाळल्यावर आत आणला. आण्णांच्या फोटोवरचा ताजा हार तिनं आधीच सारखा केला होता.

"कोमे, स्टूल धर जरा."

मी चिठ्ठ्या मुठीत धरून उठले, दुसऱ्या हातानं स्टूल धरलं. ती वर चढली. चौकटीच्या खिळ्यावर हार अडकवला, दोन्ही बाजू ओढून बघितल्या. तिच्या टाचा माझ्या चेहऱ्यासमोर होत्या, भेगांत मातीची रेघ. मला वाटलं आता विचारावं. आता ती वर आहे, तिचा चेहरा मला दिसणार नाही आणि माझा तिला.

"सरळ हे का?" तिनं विचारलं.

मी बघितलं. माझ्या आडनावाच्या चुकलेल्या वेलांटीवर गोंडा बरोबर मधोमध आला होता.

"सरळ आहे," मी म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली, आणि उतरायला तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.